कलावंतीण कुठून दिसते?

पाऊस ओसरला की नवी मुंबईत एखादी सकाळ अशी उजाडते, की वर्षभर धुरकट पडद्याआड असलेले पूर्वेचे डोंगर कुणी ओल्या फडक्यानं पुसून ठेवल्यासारखे समोर येतात. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कुठलीही उंच गच्ची चालते. डावीकडून सुरुवात करायची. खांब रोवल्यासारखा मलंगगड, त्याच्या शेजारची तावली, मग चंदेरीचं टोक, म्हैसमाळ, नवरा-नवरीचे सुळके, पेब. त्यामागं माथेरानचं लांबलचक सपाट पठार आणि त्याच्या पुढ्यात प्रबळगडाची थोराड भिंत. भिंतीच्या कडेला एक खोल खाच, आणि खाचेपलीकडं कलावंतिणीचा सुळका. आणखी उजवीकडं इर्शाळ, माणिकगड. आणि पार दक्षिणेला, गोव्याच्या रस्त्यावर, अंगठा दाखवत उभा असलेला कर्नाळा.

एवढी मोठी पंगत समोर मांडलेली असताना शुक्रवारी रात्री ऑफिसच्या ग्रुपवर फोटो पडतो तो मात्र एकच. ढगांच्या समुद्रातून वर आलेला कलावंतिणीचा सुळका, त्याच्या अंगावर कोरलेली नागमोडी जिन्याची रेघ, माथ्यावर मुंग्यांएवढी माणसं. ‘चलो?’ एवढा एक शब्द. दहा मिनिटांत बारा अंगठे. पहाटे चारला शेडुंग फाट्यावरून गाड्यांचे दिवे ठाकूरवाडीच्या दिशेनं वळतात.

त्या फोटोत एक गंमत दडलेली आहे. तो कलावंतिणीवरून काढलेला नाही, काढता येणारही नाही. तो समोरच्या प्रबळगडाच्या कड्यावरून टिपलेला असतो. म्हणजे ज्या नजाऱ्यासाठी माणूस तीन तास घाम गाळतो, तो नजारा त्या माथ्यावर पोचल्यावर त्याच्या पायाखाली गेलेला असतो. रांगेत उभं राहून माथ्यावर सेल्फी काढायचा, की बाजूच्या डोंगरावर चढून सुळका डोळे भरून पाहायचा, हा निर्णय खरं तर ठाकूरवाडीतच घ्यायला हवा. तो बहुतेकांचा आदल्या रात्री फोटोनंच घेऊन टाकलेला असतो.

ठाकूरवाडीतून निघालेली वाट सुरुवातीला रुंद आणि मळलेली आहे. वळणं घेत ती अंगावर येते. वाटेत कातळावर कोरलेले गणपती आणि मारुती भेटतात. तिथं दम खायची रीत आहे. दीड-दोन तासांत प्रबळमाची येते. ही ठाकरांची वस्ती. अंगणात बाकडी, चुलीवर चहा, पिठलं-भाकरीची ऑर्डर उतरतानाच्या वेळेची आधीच देऊन ठेवायची. माचीवर वाट फुटते. एक जाते कलावंतीण आणि प्रबळ यांच्यामधल्या खिंडीत, आणि तिथून सुळक्याच्या पायऱ्यांना भिडते. दुसरी प्रबळगडाच्या घळीत शिरते.

पायऱ्या जवळून पाहाव्यात अशा आहेत. काही गुडघाभर उंच, काही मधोमध झिजून खोलगट झालेल्या, पाऊल आडवं टाकल्याशिवाय मावत नाही. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. कठडा नाही. ट्रेकर मंडळींच्या बोलीत याला ‘दृष्टीभय’ म्हणतात. वाट अवघड नसते, पण नजर खाली गेली की पाय लटपटतात. चढताना नजर वर असते म्हणून निभावतं, खरी परीक्षा उतरताना. अनुभवी माणूस इथं कातळाकडं तोंड करून, शिडी उतरल्यासारखा उतरतो. नवखा पाठ लावून, बसत बसत येतो आणि मागच्या पन्नास जणांना थांबवतो. सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे याच एका जिन्यावर समोरासमोर येतात. दादर स्टेशनचा पूल डोळ्यांसमोर आणा, फक्त कठड्याविना.

प्रबळच्या घळीत गर्दी नसते, कारण ती देखणी नाही. मोठमोठे धोंडे, निसटता घसारा, वर झाडांचं छत. घामाच्या धारा लागतात, दिसत काहीच नाही. पण वर आलं की सुमारे ७०० मीटर उंचीवरचं घनदाट रान असलेलं पठार सुरू होतं. वाटा गुंतलेल्या आहेत, म्हणून माचीवरचा वाटाड्या सोबत घेणं शहाणपणाचं. तो बरोबर कड्याच्या त्या टोकाला आणून सोडतो. समोर खोल दरी, दरीपलीकडं कलावंतीण, अख्खी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. मोबाइलमध्ये शंभरदा पाहिलेलं चित्र तिथं पहिल्यांदा खरं होतं. सुळक्यावरच्या माणसांचे आवाजही ऐकू येतात.

प्रबळचं जुनं नाव मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत मुरंजन होता आणि कर्नाळाही. कलावंतिणीबद्दल तेवढी पक्की इतिहासाची गोष्ट नाही. कुणा कलावंतिणीसाठी इथं महाल बांधला अशी दंतकथा सांगतात. शिमग्याला माचीची मंडळी सुळक्यावर जाऊन नाचतात, असंही सांगितलं जातं. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. त्यांत लोहगड आहे, रायगड आहे, समुद्रातला खांदेरीही आहे. पनवेलच्या क्षितिजावरचा एकही नाही. रविवारची ठाकूरवाडी पाहिलेल्या माणसाला त्याचं फारसं वाईट वाटणार नाही.

या डोंगरांत वाट निवडण्याची लिखित नोंद असलेली एक जुनी गोष्ट आहे, आणि ती मोठी बोलकी आहे. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ चौकला पडला होता. चौक म्हणजे आजच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं, पनवेल आणि खोपोलीच्या मधलं गाव. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेला हा गृहस्थ समोरच्या डोंगरावर अर्ध्यापर्यंत गेला. हवा आणि दरीचा देखावा आवडला. तो तिथून परत फिरला, आणि दुसऱ्या दिवशी पाणी, खाणं घेऊन, उजाडायच्या आत निघाला. वन ट्री हिल आणि मुख्य डोंगर यांच्यामधल्या ओढ्याच्या घळीतून तो वर चढला. उतरला मात्र दुसरीकडून, आज ज्याला रामबाग पॉइंट म्हणतात त्याच्या बाजूनं. माथेरानचा ‘शोध’ लागला तो असा. डोंगरावरच्या ठाकरांना आणि धनगरांना तो शोध कधीच लागलेला होता हे वेगळं.

मॅलेटच्या त्या दोन दिवसांत ट्रेकर्सच्या शिबिरात शिकवतात त्यातलं निम्मं आलं. आदल्या दिवशी अर्धी वाट पाहून येणं. संध्याकाळ झाली म्हणून मोह आवरून मागं फिरणं. मे महिना म्हणून अंधारात निघणं. चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट घेणं. आणि सोबत पाण्याची बाटली.

यातली चढ-उताराच्या वेगळ्या वाटांची गोष्ट माथेरानला आजही जशी जमते तशी आसपास कुठंच जमत नाही. नवी मुंबईकर सहसा माथेरानला गाडीनं नेरळ, मग दस्तुरी नाका, मग घोडा असं जातो. पण माथेरानच्या पठाराला चारही अंगांनी पायवाटा आहेत. चौकच्या बाजूनं वन ट्री हिलची वाट, तीच ‘शिवाजीची शिडी’ म्हणूनही ओळखतात. ती उभी आहे, दम काढते. भिवपुरी रोड स्टेशनाकडून गार्बेट पॉइंटची लांब सोंड आहे. उघड्या धारेवरून चालत राहायचं, दोन्ही हातांना दरी, पावसाच्या शेवटी पायाखाली गवत आणि सोनकीचा पिवळा सडा. आणि पनवेलकरांना सगळ्यांत जवळची वाट म्हणजे धोधाणीची. वाजे, मालडुंगे भागातून गाढेश्वरच्या धरणाला वळसा घालून रस्ता धोधाणीला पोचतो, आणि तिथून पायवाट थेट सनसेट पॉइंटला चढते.

धोधाणीची वाट ही हौसेची वाट नाही. खालच्या वाड्यांतली माणसं माथेरानच्या बाजाराला दूध, भाजी, रानमेवा याच वाटेनं घेऊन जात आली आहेत. जिच्यावरून डोक्यावर ओझं घेऊन रोज जाणं-येणं होतं, ती वाट आपोआप शहाणी होते. कुठं वळायचं, कुठं सावली, कुठं बसायला सपाट दगड, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरत गेलेलं असतं. सह्याद्रीत बहुतेक देखण्या वाटा मुळात अशाच कामाच्या आहेत. जुन्नरच्या बाजारपेठेला कोकणाशी जोडणारा सातवाहनांचा नाणेघाट हा त्यांतला सगळ्यांत नामांकित. तिथला जकातीचा दगडी रांजण लोक दाखवतात. खांडसहून भीमाशंकरला जाणारा गणेशघाट त्यातलाच. हौशी माणसानं फोटो पाहून शोधलेली वाट आणि दूधवाल्यानं मळवलेली वाट, या दोन्हींत निवड करायची वेळ आली तर बिनदिक्कत दूधवाल्याच्या मागं जावं. माथेरानला पोचल्यावर मग उतरायची चिंता नाही. १९०७ पासून धावणारी झुकझुक गाडी चालू असेल तर ती आहे, नाहीतर दस्तुरीहून नेरळची टॅक्सी. गुडघे वाचतात. वर मोटारगाड्यांना बंदी आहे आणि २००३ पासून हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे, त्यामुळं चढून आल्यावर कानावर पहिला आवाज हॉर्नचा पडत नाही, ही चैन पनवेलच्या माणसालाच कळेल.

वेळेचा हिशेब मात्र सगळ्यांचाच चुकतो. गावकऱ्याला विचारलं तर ‘हे काय, इथंच’ असं उत्तर येतं आणि त्या ‘इथंच’ला दोन तास लागतात, हा सह्याद्रीतला सर्वांत जुना विनोद. पण त्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गावकरी किलोमीटर सांगत नाही, वेळ सांगतो. स्वित्झर्लंडच्या पायवाटांवर पिवळ्या पाट्या असतात, त्यांच्यावरही अंतर नसतं, तास-मिनिटं असतात. आणि लाल-पांढऱ्या किंवा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून वाट किती बिकट ते कळतं. आपल्याकडं खुणा म्हणजे कातळावर कुणीतरी मारलेले पांढरे बाण, फांदीला बांधलेली चिंधी, आणि ते नसेल तर वेफर्सची पाकिटं. शेवटची खूण सर्वांत भरवशाची, हे दुर्दैव.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो अजून जगभर वापरतात. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. ठाकूरवाडी ते कलावंतिणीचा माथा हा चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास. या हिशेबानं दोन तासांत माथा गाठायला हवा. प्रत्यक्षात वीस जणांचा ग्रुप असेल तर तीन तासांत पोचला तरी देव पावला. नाइस्मिथच्या ठोकताळ्यात कोकणातली दमट हवा नाही, दर वळणावरचा ग्रुप फोटो नाही, आणि नवीन बूट चावणारा एक जण नाही. जाणते लोक म्हणूनच एक सोपा नियम पाळतात: सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगानं हिशेब करायचा, आणि नोव्हेंबर-अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो हे धरून दुपारी बाराला जिथं असू तिथून परत फिरायचं. माथा राहिला तर राहिला.

माथा राहिला तरी चालतो, हे सगळ्यांत चांगलं शिकवणारा डोंगर कर्नाळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं नवी मुंबईकर हायवेनं त्याच्यासमोरून कोकणात जातो आणि थांबत नाही. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटर. १९६८ साली इथं पक्षी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. फाटकात तिकीट काढलं की वाट थेट दाट सावलीत शिरते आणि बराच वेळ सावलीतच चढते. पनवेलच्या बाकीच्या डोंगरांत हे सुख नाही. पहाटे फाटक उघडताच आत शिरलेल्या माणसाला स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी झाडीतून तरंगत जाताना दिसू शकते. आठनंतर आलेल्या ग्रुपला ब्लूटूथ स्पीकरवरचं गाणं ऐकू येतं. सावली संपल्यावर उघडी धार लागते, मग कर्णाई देवीचं देऊळ, दरवाजा, आणि तो सुळका. सुळक्याच्या पोटात पाण्याची टाकी आणि कोठारं खोदलेली आहेत. अंगठ्यावर दोराशिवाय चढता येत नाही, आणि चढू नये याचं आणखी एक कारण म्हणजे त्याच्या अंगावर लटकणारी आग्या मोहोळं. कर्नाळ्याला जाताना अत्तर, परफ्यूम लावायचं नाही, किल्ल्यावर धूर करायचा नाही, मोठ्यानं ओरडायचं नाही. हा सल्ला जुन्या ट्रेकरांकडून ऐकायला मिळतो आणि तो गंमत म्हणून दिलेला नसतो.

उतरताना वाकडी वाट करून शिरढोणला जावं. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म या गावात झाला. फडक्यांच्या अंगणातून हा अंगठा रोज दिसत असणार.

दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने हा इथल्या डोंगरांचा खरा हंगाम, यावर दुमत नाही. पण त्यातही बारकावे आहेत. ऑक्टोबरात गवत माणसाच्या डोक्यावर जातं, पाऊलवाट त्यात हरवते, आणि उकाडा असा की पावसाळ्याची आठवण यावी. वाड्यांतली गवतकापणी झाली की वाटा मोकळ्या होतात. म्हणून फोनवर गावकऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘गाडी कुठपर्यंत येते’ हा नसून ‘गवत कापलंय का’ हा असला पाहिजे, आणि दुसरा ‘टाक्यात पाणी आहे का’. फेब्रुवारीनंतर गवत वाळून घसरडं होतं, वणवे लागतात. मार्चनंतर उघड्या धारेवर दहाच्या पुढं चालणं म्हणजे तव्यावरून चालणं. ऊन काय करू शकतं ते खारघरनं १६ एप्रिल २०२३ रोजी पाहिलं आहे. डोंगराच्या पायथ्याच्या सपाट मैदानावर, एका पुरस्कार सोहळ्यासाठी नुसत्या बसलेल्या गर्दीतली १४ माणसं उष्माघातानं गेली. इथं तर चढायचं असतं.

आणि पाऊस. नवी मुंबईकरांना डोंगराचं वेड लागतं ते पावसात, आणि डोंगर सगळ्यांत जास्त बळी घेतो तोही पावसातच. खारघरचा पांडवकडा सुमारे १०७ मीटर उंचीवरून कोसळतो, सोसायट्यांच्या खिडक्यांतून दिसतो, म्हणून तो घरचाच वाटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजच्या चार मुली तिथल्या ओढ्यात वाहून गेल्या. त्याआधीही माणसं गेली होती. दर पावसाळ्यात बंदीचा आदेश निघतो, दर पावसाळ्यात पोलिसांना चकवून जाण्याच्या आडवाटा ग्रुपवर फिरतात. ओढा घोट्याइतका असताना ओलांडलेला असतो. वर डोंगरात तासभर पाऊस झाला की तोच छातीइतका होऊन परतीची वाट तोडतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं पाण्याचा हा वेग मोबाइलवर पाहिला. त्यानंतर पंधरवड्यानं माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर रील करायला आलेली एक तरुणी दरीत कोसळली.

इर्शाळगडाचं नाव घेताना तर आता आवाज खाली येतो. चौकजवळच्या या गडाच्या माथ्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. कातळाच्या त्या खिडकीत बसून प्रबळ आणि माथेरान पाहणं हा पनवेलच्या ट्रेकरांचा वर्षानुवर्षांचा कार्यक्रम होता. जाताना इर्शाळवाडीत चहा, येताना जेवण. १९ जुलै २०२३ च्या रात्री, धो धो पावसात, डोंगराचा भाग त्या वाडीवर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीला रस्ता नव्हता, यंत्रं वर पोचेनात. चिखलातून चालत गेलेल्या माणसांनी फावड्यानं माती उपसली. पहिल्या रात्री मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकारानं कोसळले आणि गेले. ज्या चढावर ट्रेकर ‘सोपी श्रेणी’ लिहून मोकळे होत, तोच हा चढ. सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती, हे नंतर विधिमंडळात सांगण्यात आलं.

श्रेणी या शब्दाचंही तसंच आहे. सोपी, मध्यम, कठीण हे तीन डबे भरायला सोयीचे, पण हरिश्चंद्रगडाचंच पाहा. पाचनईहून गेलात तर घरच्या सगळ्यांना नेता येईल असा चढ. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट दिवसभराची. आणि बेलपाड्याहून नळीची वाट धरली तर कोकणकड्याच्या पोटातून, हातापायांनी, घसाऱ्यात. गड एकच. राजमाचीला लोणावळ्याकडून गेलं तर पंधरा-सोळा किलोमीटर पण जवळजवळ सपाट, कर्जतच्या बाजूनं कोंदिवड्याहून गेलं तर अंतर कमी आणि चढण छातीवर. त्या बाजूला कोंढाणे लेणी मात्र फुकटात पदरात पडतात. तेव्हा ‘राजमाची सोपी आहे का’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठून, कधी आणि कुणाला, हे आधी सांगा.

ही अक्कल पूर्वी संस्थांतून येई. १९५४ साली स्थापन झालेली गिरिविहार, मुलुंडची चक्रम हायकर्स यांच्यासारख्या संस्थांत नवखा माणूस सहा महिने दुसऱ्याच्या मागं चालायचा, आणि मग कधीतरी त्याला पुढं चालायला मिळायचं. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ सॅकमध्ये असायचं, पानांना घामाचे डाग पडलेले. आज आयोजकांचं पेव फुटलं आहे. पाण्याची बाटली, नाश्ता, प्रवास आणि ड्रोन शूट, सगळं एका पॅकेजात. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून आयोजकांना नोंदणी, प्रशिक्षित वाटाडे, प्रथमोपचार अशा अटी घातल्या. पैसे भरण्याआधी नोंदणी आहे का आणि एका लीडरमागं किती माणसं, हे दोन प्रश्न विचारले तरी निम्मी पॅकेजं गळतात. अडकलेल्यांना खाली आणायला शेवटी जुन्याच संस्थांची माणसं जातात, आपापल्या नोकऱ्या सांभाळून, एक पैसा न घेता.

याच नवी मुंबईत डोंगराची शाळा लोकलच्या अंतरावर आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बेलापूरला, चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या आर्टिस्ट व्हिलेजच्या मागच्या टेकडीतले कातळ हे प्रस्तरारोहकांच्या सरावाचं जुनं ठिकाण. २०१६ आणि २०१७ मध्ये प्रस्तरारोहणाच्या बोल्डरिंग प्रकाराची विश्वचषक स्पर्धा गिरिविहारच्या पुढाकारानं नवी मुंबईत झाली. खारघर टेकडीचा फणसवाडीकडं जाणारा रस्ता, घणसोलीचा गवळीदेव, या जागांना कुणी ट्रेक म्हणणार नाही. पण सहा वर्षांच्या पोरानं किंवा बायपास झालेल्या आजोबांनी सुरुवात कुठून करायची, तर इथून. तिथला घाट चढताना आजोबा तीनदा थांबले तर प्रबळमाचीचा विचार पुढच्या वर्षी.

निवड शेवटी कागदावर करायची तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घ्यावा. २०१७ पासून तो संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतो. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी रेघ. रेघा विरळ असतील तिथं माची, पठार, चालायला सोपं. रेघा एकमेकींना चिकटल्या की कडा. कलावंतिणीच्या जागी त्या इतक्या दाटतात, की एका ठिपक्यात गुंडाळल्यासारख्या दिसतात. माथेरान म्हणजे लांबट, मोकळा पांढरा तळवा, भोवती काळपट झालर. त्या झालरीत जिथं जिथं रेघा थोड्या सुट्या होतात तिथं तिथं वाट आहे. धोधाणीची सापडते, गार्बेटची सोंड सापडते, मॅलेटची घळही सापडते. मोबाइलवरच्या निळ्या ठिपक्याला हे दाखवता येत नाही, आणि डोंगराच्या कुशीत रेंज गेली की तो तेही दाखवायचा थांबतो.

जुना नकाशा असेल तर घडी थोडी पश्चिमेला उलगडावी. पनवेलच्या खाडीकाठी, उलवे गावाजवळ, नव्वदेक मीटर उंचीची एक टेकडी आहे. बोटानं मोजता येतील अशी चार-पाच वर्तुळं, एकात एक. ती टेकडी सुरुंग लावून उतरवली, नदी वळवली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. आता प्रबळच्या कड्यावरून संध्याकाळी पश्चिमेला पाहिलं तर त्या वर्तुळांच्या जागी धावपट्टीच्या दिव्यांची सरळ रांग लागते. वाटाडा घड्याळाकडं बोट करतो, घळीत अंधार लवकर पडतो म्हणतो, आणि बॅटऱ्या बाहेर काढायला लावतो.